नवीन एचडी टीव्ही घेतला, आता छत्री आणि डबा कुठला घ्यायचा?

दिवाळीत ऑफर बघून मोठा टीव्ही घरी येतो आणि भाऊबीज उरकायच्या आत मला फोन येतो, अरे चित्र तर जुन्या टीव्हीपेक्षा खराब दिसतंय, पीस डिफेक्टिव्ह दिला की काय. दर वर्षी असे चार-पाच फोन ठरलेले. टीव्ही डिफेक्टिव्ह नसतो हो. त्याच्या मागे जो डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, लावलाय ना तो आठ-दहा वर्षं जुना असतो, आणि चाळीस हजाराच्या टीव्हीला आपण त्याच डब्यातून पातळ ताक पाजत असतो.

आधी एवढं समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. जुना साधा म्हणजे एसडी चॅनेल आपल्याकडे ७२० बाय ५७६ ठिपक्यांचा येतो, गुणाकार केला तर चार लाखांच्या थोडं वर. फुल एचडी टीव्हीला ठिपके असतात १९२० बाय १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. मग उरलेले सोळा लाख ठिपके टीव्ही आणणार कुठून, तो अंदाजाने भरतो. जुन्या २१ इंची खोक्यावर हे कळायचं नाही कारण स्क्रीनच लहान, ४३ किंवा ५५ इंचावर तेच चित्र ताणलं की निवेदिकेचा चेहरा मेणाचा दिसायला लागतो. स्वस्तातले ३२ इंची टीव्ही बहुतेक एचडी रेडी असतात, १३६६ बाय ७६८, त्यांच्यावर फरक थोडा कमी जाणवतो पण जाणवतो.

आता दुकानात जाऊन डबा मागायच्या आधी गच्चीवर जा. खरंच सांगतोय. सगळे लोक उलटं करतात, आधी कुठली कंपनी, कुठली ऑफर, रिमोट कसा दिसतो, आणि मग माणूस छत्री, म्हणजे डिश अँटेना, बसवायला येतो आणि म्हणतो साहेब इथे सिग्नल नाय भेटणार. प्रत्येक कंपनीचा उपग्रह आकाशात वेगळ्या जागी आहे. टाटा प्ले (जे आधी टाटा स्काय होतं, २०२२ मध्ये नाव बदललं) ८३ अंश पूर्वेला, डीटूएच ८८ ला, दूरदर्शनची मोफत डीडी फ्री डिश आणि सन डायरेक्ट ९३.५ ला, डिश टीव्ही ९५ ला आणि एअरटेल पार १०८.२ ला. हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण त्याचा अर्थ काय होतो ते बघा. पुण्यातून बघितलं तर टाटा प्लेची छत्री दक्षिणेकडे तोंड करून थोडी पूर्वेला वळलेली असते आणि उपग्रह बराच वर, साधारण ६५ अंशांवर. फ्री डिशची छत्री जवळपास बरोब्बर आग्नेयेला. आणि एअरटेलची आणखी पूर्वेकडे, उंची फक्त ४५ अंशांच्या आसपास. म्हणजे तुमच्या पूर्वेला कोणी नवीन बारा मजली टॉवर उभा केला असेल तर एअरटेलवाल्याला तो आडवा येऊ शकतो, टाटा प्लेवाल्याला कदाचित काहीच फरक पडणार नाही. नागपूरकडे गेलात तर ८३ अंशाचा उपग्रह जवळजवळ सरळ दक्षिणेलाच येतो, त्यामुळे मुंबईच्या मामेभावाची छत्री बघून नागपुरात दिशा ठरवू नका.

आणखी एक गंमत. छत्री बघितली की वाटतं ती समोरच्या बिल्डिंगकडे बघतेय, पण ती तशी दिसते तेवढी खाली बघत नसते, तिचा आकारच असा असतो की ती दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते. म्हणून समोरची दोन मजली बिल्डिंग बहुतेक वेळा आड येत नाही, पण तुमच्याच बाल्कनीचा वरचा स्लॅब मात्र हमखास आड येतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तर हे आधी बघाच, दक्षिण किंवा पूर्वेची खिडकी-बाल्कनी नसेल, सगळी घरं पश्चिमेला उघडत असतील तर गच्चीशिवाय पर्याय नाही. गच्ची म्हटलं की सोसायटी आली, सेक्रेटरी आला, वॉटरप्रूफिंगवर खिळे ठोकू नका हे आलं. वॉटरप्रूफिंगचं त्यांचं म्हणणं चूक नसतं बरं का, आमच्याकडे एका छत्रीच्या बोल्टातून पाणी जाऊन वरच्या मजल्यावरच्यांचं पीओपी उतरलं होतं. भिंतीला बसवा, नाहीतर वजनाचा स्टँड ठेवा. आणि गच्चीवर ऑलरेडी पंधरा छत्र्या आहेत त्या कुठल्या कंपनीच्या आहेत ते बघून घ्या, ज्या कंपनीच्या जास्त छत्र्या तिचा लोकल माणूस तुमच्या एरियात फिरतोय, बिघडलं की येईल. कॉल सेंटरपेक्षा हा हिशोब मला जास्त भरवशाचा वाटतो.

गच्ची झाली की मग घरात बसून कागद घ्या आणि घरातले लोक खरंच काय बघतात ते लिहा. काय बघायला आवडेल ते नाही, काय बघतात ते. आईचं झी मराठी आणि स्टार प्रवाह, बाबांच्या बातम्या, पोरांचं कार्टून, मॅच. बस, बहुतेक घरात यादी पंधराच्या वर जात नाही. आता यातलं एचडीत काय मिळतं बघा. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, झी टॉकीज यांची एचडी चॅनेलं आहेत. मराठी बातम्यांची चॅनेलं मात्र एसडीच धरून चाला, आणि बातम्यांना एचडी लागतं कशाला, खाली तीन पट्ट्या आणि बाजूला दोन चौकटी, मधे माणूस दिसतो तेवढाच. एचडीचा खरा फायदा क्रिकेटला, सिनेमाला आणि जंगल-प्राण्यांच्या चॅनेलांना. बॉल दिसतो हो! जुन्या चॅनेलवर आपण बॅट्समनच्या हालचालीवरून बॉल कुठे गेला ते ठरवायचो.

इथे पैशाचं गणित येतं आणि यात लोक सगळ्यात जास्त फसतात. डब्याची किंमत एकदाच, रिचार्ज दर महिन्याला, म्हणून डबा पाचशे रुपयांनी स्वस्त मिळाला यात नाचण्यासारखं काही नाही. २०१९ मध्ये ट्रायचे (फोन आणि टीव्ही कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नवे नियम लागू झाले तेव्हापासून बिलात दोन भाग असतात, एक नेटवर्कचं भाडं आणि एक चॅनेलांची किंमत. भाड्याची सुरुवातीला १३० रुपये अशी मर्यादा होती, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे व्हायचे, २०२४ मध्ये ती मर्यादा काढली आणि आता कंपन्या आपापलं ठरवतात, त्यामुळे हा आकडा प्रत्येक कंपनीला वेगळा विचारा. आणि हे भाडं चॅनेलांच्या संख्येवर बसतं तेव्हा एक एचडी चॅनेल दोन एसडी चॅनेलांएवढं मोजतात, हे बरेच जणांना माहीतच नसतं. एचडीचा पॅक महाग का पडतो याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

दुसरी फसगत म्हणजे डबा एचडी घेतला म्हणजे चॅनेल आपोआप एचडी होतील असं वाटणं. होत नाहीत. एचडी चॅनेलांचे नंबर वेगळे असतात आणि ते पॅकमध्ये वेगळे घ्यावे लागतात. माझ्या एका मित्राकडे एचडी डबा, एचडी पॅक सगळं होतं आणि घरातले दोन वर्षं जुनाच नंबर दाबून एसडी झी मराठी बघत होते, कारण आईला तो नंबर पाठ होता. त्यात वर पॅकमध्ये एकाच चॅनेलचं एसडी आणि एचडी दोन्ही, दोन्हीचे पैसे. तेव्हा नवीन कनेक्शन घेताना अ‍ॅपमध्ये जाऊन पॅक उघडून बघा आणि ज्याचं एचडी घेतलंय त्याचं एसडी काढून टाका, काढल्यावर पॅक फोडावा लागत असेल आणि महाग पडत असेल तर मात्र राहू द्या, कधीकधी सुट्टे चॅनेल पॅकपेक्षा महाग निघतात. मग निदान एचडीचे नंबर फेव्हरिटमध्ये टाकून ठेवा.

आता कोणाला महिन्याचा रिचार्जच नको असेल, गावचं घर आहे, महिन्यातून दोनदा जातो, किंवा आजी-आजोबा फक्त सह्याद्री आणि जुने सिनेमे बघतात, तर डीडी फ्री डिश बघा. डब्याचे आणि छत्रीचे पैसे एकदा दिले की संपलं. फक्त एक करा, डबा एमपेग-४ चा (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) घ्या. जुने एमपेग-२ वाले डबे अजून बाजारात फिरतात, दुकानदार दोनशे रुपये कमी सांगतो, आणि मग त्यावर फ्री डिशची काही चॅनेलं दिसतच नाहीत. एचडी तर अजिबातच नाही. फ्री डिशवर खासगी चॅनेलं लिलावातून येतात म्हणून आज दिसणारं मराठी चॅनेल पुढच्या वर्षी असेलच याची खात्री नाही, सह्याद्री मात्र कुठे जात नाही. आणि एचडी फार कमी आहे, हे मान्य करूनच घ्या, ५५ इंचासाठी फ्री डिश हा काय माझा पहिला सल्ला नाही. क्रिकेटवाल्यांसाठी मात्र एक प्लस पॉइंट आहे, २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या मॅचेसचं प्रक्षेपण खासगी चॅनेलला प्रसार भारतीबरोबर (डीडी चालवणारी सरकारी संस्था) वाटून घ्यावं लागतं, आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ते प्रसार भारतीने स्वतःच्याच नेटवर्कवर दाखवायचं, म्हणून ती मॅच डीडीवर फ्री डिशला दिसते आणि पैसे देणाऱ्या शेजाऱ्याला त्याच डीडीवर दिसत नाही.

फ्री डिश घेणार असाल तर डबा विकत घ्यायच्या आधी नवीन टीव्हीच्या मागे एकदा बॅटरी मारून बघा. स्क्रू फिरवून बसते तशी गोल जागा असते, तिच्याजवळ सॅटेलाइट किंवा एलएनबी (छत्रीच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा भाग) असं लिहिलेलं असेल तर तुमच्या टीव्हीतच रिसीव्हर आहे, छत्रीची वायर थेट तिथे लावली की फ्री चॅनेलं दिसू शकतात, वेगळा डबा नाही, वेगळा रिमोट नाही. साध्या अँटेनाची जागा पण जवळच असते तिच्याशी गल्लत करू नका. सरकारच्या बाजूनेही टीव्हीतच ट्यूनर द्या असा रेटा आहे, मालाचे दर्जे ठरवणाऱ्या बीआयएसने २०२२ चं त्याचं स्टँडर्डही काढलंय. पैशाच्या चॅनेलांना मात्र हे चालत नाही, ती लॉक केलेली असतात, तिथे कंपनीचाच डबा लागतो.

आणि कंपनीचा डबा म्हटल्यावर हे पण ऐका, एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीला चालत नाही. सिमकार्ड बदलल्यासारखं करता येईल अशी शिफारस ट्रायने २०२० मध्ये केली होती, पण आपल्याला दुकानात अजून तसा डबा मिळत नाही. म्हणून ऑनलाइन सेकंडहँड डबा तीनशे रुपयात दिसला तर घेऊ नका, तो कोणाच्या तरी नावावर असतो, ट्रान्सफर झाला नाही तर पेपरवेट.

डब्यांचे प्रकार सांगतो पटापट. साधा एचडी डबा, हा नव्वद टक्के घरांना पुरतो, मी पण हाच वापरतो. दुसरा अँड्रॉइडवाला, ज्यात छत्रीची चॅनेलं आणि ओटीटी दोन्ही एकाच रिमोटवर, याला घरात वायफाय पाहिजेच. तुमचा नवीन टीव्ही आधीच स्मार्ट असेल तर यावर जास्तीचे पैसे घालायचं कारण मला तरी दिसत नाही, टीव्ही साधा असेल तर मात्र हा चांगला, ओटीटीसाठी टीव्हीला लावायची वेगळी स्टिक घ्यायला नको. एकच गोष्ट, वयस्कर माणसांना त्याचा होम स्क्रीन गोंधळात टाकतो, बटण दाबलं की सीरियल लागली पाहिजे हा त्यांचा साधा हिशोब असतो आणि तो बरोबर आहे. तिसरा रेकॉर्डिंगवाला. कोणाची नाइट शिफ्ट असेल तर कामाचा, पण रेकॉर्ड केलेलं त्याच डब्यावर चालतं, पेनड्राइव्ह काढून लॅपटॉपला लावला तर काही उघडत नाही आणि डबा मेला की रेकॉर्डिंग पण गेलं. लग्नाची कॅसेट समजून त्यात काही साठवू नका.

राहिला ४के. टीव्ही ४के आहे म्हणून डबा ४केच पाहिजे असं दुकानदार सांगेल. २०१५ च्या वर्ल्ड कपच्या वेळी टाटा स्कायने ४के डबा काढला होता, काही मॅचेस तशा दाखवल्या पण होत्या, पण छत्रीवरून येणारी आपली रोजची चॅनेलं अजून १०८० चीच आहेत. ४के जे काय बघायचं ते बहुतेक इंटरनेटवरून येतं. तेव्हा ४के डब्याचे पैसे वाचवा आणि त्यात चांगली वायर टाका.

वायर. हा माझा दुखरा विषय आहे. कराडला बाबांनी ४३ इंची टीव्ही घेतला, एचडी डबा घेतला, एचडी पॅक घेतला, आणि मी आठ महिन्यांनी गेलो तर मागे लाल-पिवळी-पांढरी पिन! बसवायला आलेल्या माणसाने जुनी वायर होती तीच लावून दिली आणि सही घेऊन गेला. त्या पिवळ्या पिनेतून एचडी जातच नाही, डब्यात अमृत असलं तरी टीव्हीपर्यंत एसडीच पोचणार. मी एचडीएमआय लावली तर बाबा म्हणाले टीव्ही बदललास का काय. दीड-दोन मीटरला साधी एचडीएमआय पुरते, सोन्याचा मुलामा दिलेली हजार रुपयांची केबल घ्यायची अजिबात गरज नाही, चित्र तेच येतं. टीव्हीला एचडीएमआय किती जागा आहेत तेही टीव्ही घेतानाच मोजा, डबा एक, स्टिक एक, साउंडबार एक, संपल्या तीन. साउंडबार लावणार असाल तर एआरसी लिहिलेली जागा (टीव्हीचा आवाज साउंडबारला तिथून जातो) त्याच्यासाठी मोकळी सोडा, डबा तिथे खुपसू नका.

गच्चीवरून खाली येणारी वायर आरजी-६ (छत्रीसाठीच्या गोल वायरीचा एक प्रकार) पाहिजे आणि मधे जोड नको. जुन्या केबलवाल्याची वायर आहे तीच वापरू असं बसवणारा म्हणाला तर नाही म्हणा, आणि नवीन वायरचे मीटरमागे किती घेणार ते आधी विचारा.

दोन टीव्ही असतील तर दोन डबे लागतात, आणि छत्री एकच चालते पण तिच्या तोंडाशी जो एलएनबी असतो तो दोन आउटपुटवाला घ्यावा लागतो. बाजारातला दहा रुपयांचा स्प्लिटर लावून एका वायरीचे दोन करू नका. डबा छत्रीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून सांगत असतो मला कुठली चॅनेलं पाहिजेत, दोन डबे एकाच वायरीवर वेगवेगळं सांगायला लागले की एकाला चॅनेल दिसतं आणि दुसऱ्याला नाही, आणि मग हॉलवाले विरुद्ध बेडरूमवाले असं भांडण. दुसऱ्या डब्याचा रिचार्ज वेगळा असतो पण थोडा कमी, ते पण आधीच विचारा.

पावसाचं म्हणाल तर कोकणात आणि घाटात जुलैमध्ये सिग्नल जाणारच, कुठलीही कंपनी घ्या. ही सगळी चॅनेलं केयू बँडवर (उपग्रहाच्या सिग्नलचा एक पट्टा) येतात आणि जोरदार सर आली की पाण्याचे थेंब सिग्नल खातात, ढग सरकले की परत येतं. पण रिमझिम पावसात पण जात असेल तर तो पावसाचा दोष नाही, छत्री नीट लागलेली नाही. आमच्या मावशीकडे महाडला नेहमीच्या ६० सेंटीमीटरच्या जागी ९० ची छत्री लावली तेव्हापासून फक्त अगदी धो धो असलं तरच जातं.

म्हणून माणूस बसवायला येईल त्या दिवशी घरी थांबा, सुट्टी टाका पाहिजे तर. डब्याच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ भरलेली दाखवून तो निघायच्या तयारीत असतो, तुम्ही क्वालिटी बघा. स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी शून्य म्हणजे छत्री भलत्याच उपग्रहाकडे बघतेय. कोरड्या दिवशी क्वालिटी जेमतेम असेल तर पावसाळ्यात काय होणार ते ओळखा आणि त्याला परत वर पाठवा, चहा पाजून पाठवा पण पाठवा. मग डब्याच्या सेटिंगमध्ये १०८०आय आणि १६:९ करून घ्या. माणसं जाडी आणि बुटकी दिसत असतील तर ४:३ चं चित्र ताणलंय, आणि चॅनेलचा लोगो अर्धा कापला जात असेल तर टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये स्क्रीन फिट किंवा जस्ट स्कॅन असं काहीतरी असतं ते करा. टीव्हीच्या कोपऱ्यात १०८० आलं म्हणून मात्र खुश होऊ नका, डब्याला १०८० वर फिक्स केलं की तो एसडी चॅनेल पण फुगवून १०८० म्हणूनच पाठवतो. खात्री करायची तर चॅनेलच्या लोगोजवळ एचडी लिहिलंय का बघा आणि त्याच चॅनेलचा एसडी नंबर लावून दोन्ही पाठोपाठ बघा, क्रिकेट चालू असेल तर उत्तमच, स्कोअरच्या पट्टीवरची अक्षरं लगेच सांगतात. आणि सही करायच्या आधी बिलावर डब्याचा नंबर, वॉरंटी किती महिन्यांची आणि डबा तुमच्या मालकीचा की भाड्याचा एवढं लिहून घ्या, भाड्याचा असेल तर कनेक्शन बंद करताना परत मागतात.